कॅनडातले पूर्वज शोधताना: नावाआधी गाव, गावाआधी साल

मराठी घरात वंशावळ म्हटलं की कुळवृत्तांताचा जाडजूड ग्रंथ आठवतो, नाहीतर त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांची नामावळी. आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की गुरुजी नेमकी वही काढतात. कॅनडात अशी वही नाही. सून किंवा जावई तिकडचे आहेत, नातवंडाला शाळेने घराण्याचा वृक्ष काढून आणायला सांगितलं आहे, म्हणून कोणी संगणकावर पणजोबांचं नाव टाकतं आणि एकाच नावाचे ढीगभर जॉन मॅकडोनल्ड समोर उभे राहतात. मग पैसे भरायला लावणाऱ्या संकेतस्थळाचं वर्षाचं सभासदत्व घेतलं जातं, आणि तिथेही तेच जॉन मॅकडोनल्ड भेटतात.

याचं कारण साधं आहे. कॅनडात एखादा कागद कुणाकडे आहे हे माणसाच्या नावावर ठरत नाही. ती घटना कोणत्या साली आणि कोणत्या प्रांतात घडली, यावर ठरतं. जन्म, विवाह आणि मृत्यू यांची नोंद प्रांताकडे. जनगणना, जहाजांच्या याद्या आणि सैन्याच्या फायली केंद्राकडे, म्हणजे ओटावातल्या लायब्ररी अँड आर्काइव्ह्ज कॅनडा या राष्ट्रीय अभिलेखागारात. प्रांतांची नोंदणी सुरू होण्याआधीचं जवळजवळ सगळं चर्चच्या वह्यांमध्ये. जमिनीचे कागद काही ठिकाणी प्रांताकडे, काही ठिकाणी केंद्राकडे. ‘कॅनडा जन्म नोंद’ अशी एकच खिडकी अस्तित्वातच नाही.

म्हणून पहिलं काम घरातच करायचं. कौटुंबिक बायबलची पहिली पानं (तिथे जन्म-लग्नं लिहून ठेवायची रीत होती), फोटोंच्या पाठी, अंत्यविधीची छापील कार्डं, पदकं, जमिनीची खतं, जुनी पाकिटं. प्रत्येक वस्तूवरून दोनच गोष्टी टिपायच्या: साल आणि ठिकाण. मग माहीत असलेल्या सर्वांत अलीकडच्या माणसापासून एकेक पिढी मागे जायचं. ‘आमचे मूळ पुरुष स्कॉटलंडचे सरदार होते’ अशा आख्यायिकेपासून पुढे येऊ पाहणारा शंभरात नव्याण्णव वेळा दुसऱ्याच्याच घरात शिरतो.

ठिकाण टिपताना जुनी नावं ओळखता आली पाहिजेत. आजचा ओंटारियो १८४१ पर्यंत ‘अप्पर कॅनडा’ होता, त्यानंतर १८६७ पर्यंत ‘कॅनडा वेस्ट’. क्वेबेक तसाच आधी ‘लोअर कॅनडा’ आणि मग ‘कॅनडा ईस्ट’. जन्मस्थळाच्या रकान्यात ‘यू. सी.’ किंवा ‘सी. डब्ल्यू.’ अशी दोन अक्षरं दिसली तर तो ओंटारियो समजायचा. अल्बर्टा आणि सस्कॅचेवान हे प्रांत १९०५ साली झाले, त्यामुळे १९०१ च्या जनगणनेत ते नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये शोधावे लागतात. न्यूफाउंडलंड तर १९४९ पर्यंत कॅनडात नव्हतंच. तिथल्या १९२१, १९३५ आणि १९४५ च्या जनगणना वेगळ्या आहेत आणि प्रांतिक अभिलेखागार सेंट जॉन्स शहरात ‘द रूम्स’ या इमारतीत आहे.

जनगणना: शोधाचा कणा

घरातल्या कागदांवरून एक माणूस, एक गाव आणि अंदाजे साल मिळालं की थेट जनगणनेकडे जायचं. कायद्यानुसार जनगणनेचे नावनिशीवार तक्ते ९२ वर्षांनी खुले होतात. १९३१ ची जनगणना १ जून २०२३ रोजी खुली झाली, १९४१ ची २०३३ मध्ये होईल. १८५१ पासून दर दहा वर्षांची, आणि मधल्या १९०६, १९१६ व १९२६ या सालांची फक्त मॅनिटोबा, सस्कॅचेवान आणि अल्बर्टा या गवताळ प्रांतांची, इतकी सगळी जनगणना राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येते. मूळ पानाचं चित्रसुद्धा.

प्रत्येक जनगणनेचे रकाने वेगळे, म्हणून एकच वाचून थांबू नये. १८७१ आणि १८८१ मध्ये कुटुंबप्रमुखाशी नातं लिहिलेलं नाही. एका छपराखाली राहणारी वीस वर्षांची मेरी ही मुलगी, धाकटी बहीण की दुसरी बायको, हे त्या पानावरून ठरवता येत नाही, आणि असंख्य वंशवेली नेमक्या इथेच चुकतात. नात्याचा रकाना १८९१ मध्ये आला. १९०१ मध्ये जन्माची पूर्ण तारीख, कॅनडात आल्याचं साल आणि नागरिकत्व मिळाल्याचं साल विचारलं गेलं. १९११ मध्ये जन्माचा महिना आणि साल. आई-वडिलांची जन्मस्थळं १८९१ मध्ये आणि पुन्हा १९२१ पासून मिळतात. १९३१ च्या पानावर तर घर मालकीचं की भाड्याचं, खोल्या किती आणि घरात रेडिओ आहे का, हेही आहे.

वयाचं गणित जपून करावं. १८५१ ची म्हणवली जाणारी जनगणना प्रत्यक्षात जानेवारी १८५२ मध्ये झाली, आणि तिच्यात व १८६१ च्या जनगणनेत पुढच्या वाढदिवशी होणारं वय लिहिलेलं आहे. समजा ‘३०’ लिहिलं आहे. १८५१ मधून ३० वजा केले तर १८२१ येतं, पण खरं साल बहुधा १८२२. उलट २ एप्रिल १८७१ च्या जनगणनेत वय मागच्या वाढदिवसाचं आहे. तिथे ३० वर्षांचा माणूस १८४१ पेक्षा १८४० मध्ये जन्मलेला असण्याची शक्यता जास्त. एका वर्षाचा हा फरक वाटतो किरकोळ, पण चर्चच्या वहीत चुकीच्या वर्षाची पानं चाळत दिवस जातात. शिवाय १८५१ च्या जनगणनेतल्या बऱ्याच गावांचे तक्ते हरवलेले आहेत. गाव सापडत नसेल तर आधी ते उरलंय का, हे पाहावं.

नाव सापडत नाही म्हणजे माणूस तिथे नाही, असं नव्हे. प्रगणक ऐकू येईल तसं लिहायचा. पुढे ते हस्ताक्षर कुणीतरी वाचून सूची केली, आणि १९३१ ची सूची तर मुख्यतः यंत्राने हस्ताक्षर ओळखून तयार केली आहे. म्हणजे चुकीची संधी दोनदा. अशा वेळी आडनाव गाळावं. पहिलं नाव, अंदाजे वय आणि जिल्हा एवढंच टाकावं. ते नाव सर्रास आढळणारं असेल तर घरातल्या सर्वांत विचित्र नावाच्या मुलाला शोधावं: जॉनऐवजी एबेनेझर. अक्षरांच्या जागी चांदणी (*) टाकून शोधण्याची सोयही बहुतेक ठिकाणी आहे. तरीही नाही मिळालं तर शेवटचा उपाय म्हणजे त्या उपजिल्ह्याची पानं एकेक करून वाचणं. खेड्यात हे तासाभराचं काम असतं. शहरात आधी त्या वर्षाच्या नगर-निर्देशिकेतून पत्ता काढावा. टेलिफोन बुक येण्याआधीची ही घरोघरची छापील यादी. मॉन्ट्रियलची लव्हेल निर्देशिका आणि व्हँकूव्हर सार्वजनिक वाचनालयाने चढवलेल्या ब्रिटिश कोलंबियाच्या १८६० ते १९५५ च्या निर्देशिका फुकट पाहता येतात.

शेतकऱ्याच्या घरात वेगळ्याच आडनावाचा दहा-बारा वर्षांचा मुलगा दिसला, जन्म इंग्लंडचा, आणि नात्याच्या रकान्यात ‘नोकर’, तर तो बहुधा ‘होम चाइल्ड’. १८६९ पासून १९३० च्या दशकापर्यंत ब्रिटनमधल्या अनाथालयांनी आणि संस्थांनी एक लाखाहून अधिक मुलं कॅनडातल्या शेतांवर पाठवली. राष्ट्रीय अभिलेखागारात त्यांची स्वतंत्र सूची आहे. या मुलांचे मूळ कागद मात्र पाठवणाऱ्या संस्थेकडे, म्हणजे ब्रिटनमध्ये, मागावे लागतात.

जन्म, लग्न, मृत्यू

इथे प्रांतागणिक नियम बदलतात. ओंटारियोत सरकारी नोंदणी १ जुलै १८६९ ला सुरू झाली, ब्रिटिश कोलंबियात १८७२ ला, न्यू ब्रन्सविकमध्ये १८८८ ला. नोव्हा स्कोशियात गंमत आहे: जन्म-मृत्यूची नोंदणी १८६४ ला सुरू झाली, १८७७ मध्ये बंद पडली आणि १९०८ मध्ये पुन्हा सुरू झाली. मधल्या तीस वर्षांतला जन्मदाखला मागणारे अर्ज अजूनही जातात आणि ‘नोंद नाही’ असं उत्तर येतं. तिथे विवाहांची नोंद मात्र खंड न पडता चालू राहिली.

नोंद जनतेला केव्हा पाहता येते, हेही वेगवेगळं. ब्रिटिश कोलंबियात जन्माची १२० वर्षांनी, विवाहाची ७५ वर्षांनी, मृत्यूची फक्त २० वर्षांनी. नोव्हा स्कोशियात हेच आकडे १००, ७५ आणि ५०. या दोन्ही प्रांतांच्या आणि न्यू ब्रन्सविकच्या अभिलेखागारांनी खुल्या झालेल्या नोंदींची मूळ पानं संकेतस्थळावर फुकट ठेवली आहेत, हे अनेकांना ठाऊक नसतं आणि तीच पानं ते पैसे देऊन पाहतात. हातात काहीच नसेल तर मृत्यूच्या नोंदीपासून सुरुवात करावी, कारण ती सर्वांत लवकर खुली होते. फक्त मृत्यूनोंदीत आई-वडिलांची नावं शोकात असलेल्या मुलाने किंवा शेजाऱ्याने सांगितलेली असतात, हे विसरू नये. लग्नाच्या नोंदीत ती वधूवरांनी स्वतः सांगितलेली असतात. दोन्हींत फरक असेल तर लग्नाची नोंद धरावी. ओंटारियोतल्या सुरुवातीच्या मृत्यूनोंदींत आई-वडील नसतातच. तिथे लग्नाच्या नोंदीला पर्याय नाही.

आणखी एक खोच: जन्म १८७५ चा, पण नोंद १९४५ च्या आसपासची. सरकारी म्हातारपणाची पेन्शन १९२७ च्या कायद्याने आली, वयाची अट ७० होती, आणि वय सिद्ध करायला दाखला हवा होता. तेव्हा पुष्कळांनी उशिरा नोंद करून घेतली. ओंटारियोत या उशिराच्या नोंदी वेगळ्या संचात आहेत. नेहमीच्या सूचीत जन्म न मिळाल्यास तिथे पाहावं.

क्वेबेक हे वेगळंच राज्य आहे, आणि वंशावळ शोधणाऱ्यासाठी स्वर्ग. तिथे १९९४ पर्यंत चर्चची वही हीच कायदेशीर नोंद होती. १६७९ पासून प्रत्येक वहीची दुसरी प्रत न्यायालयात जमा करावी लागे. चर्च जळालं तरी प्रत उरली. आपल्याकडे कुणबी नोंदींसाठी कोतवाल बुकं आणि मोडी दस्त धुंडाळणाऱ्यांना या दुसऱ्या प्रतीची किंमत वेगळी सांगायला नको. या वह्यांमध्ये स्त्री मरेपर्यंत माहेरच्या आडनावाने लिहिली जाते, आणि लग्नाच्या नोंदीत सहसा दोन्हीकडच्या आई-वडिलांची नावं असतात. म्हणून क्वेबेकमध्ये जन्माच्या मागे न लागता लग्नावरून लग्नावर उडी मारत जायचं. असं करत सतराव्या शतकापर्यंत, फ्रान्सच्या राजाने १६६३ ते १६७३ दरम्यान वसाहतीत पाठवलेल्या सुमारे ७७० तरुणींपर्यंत, पोहोचणारी घराणी असंख्य आहेत. मॉन्ट्रियल विद्यापीठाच्या ऐतिहासिक लोकसंख्या प्रकल्पाने आणि द्रुएँ संस्थेने या वह्यांच्या सूची केल्या आहेत. दोन्ही ठिकाणी पूर्ण तपशिलासाठी पैसे पडतात, पण क्वेबेकपुरते ते सार्थकी लागतात. वह्यांची नुसती चित्रं फॅमिलीसर्च या फुकट संकेतस्थळावरही आहेत.

क्वेबेकमध्ये घोळ होतो तो नावांचा. बाप्तिस्म्याला मुलाच्या नावाआधी जोसेफ आणि मुलीच्या नावाआधी मारी लावायची पद्धत होती. हाक मारायचं नाव बहुधा शेवटचं. सहा भाऊ आणि सहाही जोसेफ, हे पाहून दचकू नये. शिवाय ‘दी’ जोडलेली दुहेरी आडनावं असतात. ‘रुआ दी देजार्दँ’ म्हणजे देजार्दँ म्हणून ओळखले जाणारे रुआ. पुढच्या पिढीत एक भाऊ रुआ लावतो, दुसरा देजार्दँ. आपल्याकडे मूळ आडनाव एक आणि हुद्द्यावरून पडलेलं कुलकर्णी किंवा देशमुख दुसरं, तसलाच प्रकार. इंग्रजी मुलखात गेल्यावर त्याच रुआचा किंग झाला, लब्लाँचा व्हाइट.

प्रांतिक नोंदणीआधीच्या ओंटारियोसाठी धर्म कळणं भाग आहे. तो जनगणनेच्या रकान्यात मिळतो. मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन, अँग्लिकन, कॅथलिक: प्रत्येकाच्या वह्या वेगळ्या ठिकाणी. १८५८ ते १८६९ दरम्यानच्या लग्नांसाठी काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाच्या, विवाहवह्या आहेत, त्या आधी पाहाव्यात.

जहाज आणि सरहद्द

१८६५ आधी प्रवाशांच्या याद्या जपून ठेवण्याचं बंधनच नव्हतं. १८४७ च्या दुष्काळात आयर्लंडहून आलेल्या पूर्वजाचं जहाज शोधत बसणारे बहुतेक जण रिकाम्या हाताने परततात. याद्या क्वेबेक बंदरासाठी १८६५ पासून आणि हॅलिफॅक्ससाठी १८८१ पासून आहेत. कोणत्या बंदरात शोधायचं हे ऋतू सांगतो: हिवाळ्यात सेंट लॉरेन्स नदी गोठायची, म्हणून त्या महिन्यांत जहाजं हॅलिफॅक्सला किंवा न्यू ब्रन्सविकमधल्या सेंट जॉनला लागत. पुष्कळ लोक न्यूयॉर्क किंवा पोर्टलंडला उतरून रेल्वेने आत आले. ते कॅनडाच्या यादीत सापडणारच नाहीत, अमेरिकेच्या यादीत पाहावे लागतात. अमेरिकेच्या जमिनीवरच्या सरहद्दीवरून येणाऱ्यांची नोंद १९०८ साली सुरू झाली, आणि तीही सगळ्यांची होत नसे.

चिनी घराण्यांचे कागद, अन्यायाच्या पोटी का होईना, सर्वांत तपशीलवार आहेत. १८८५ ते १९२३ दरम्यान येणाऱ्या बहुतेक चिनी माणसांवर प्रवेशकर होता: आधी ५० डॉलर, १९०० च्या कायद्याने १००, १९०३ च्या कायद्याने ५००. त्याची नोंदपुस्तकं ओटावात आहेत आणि त्यांत माणसाचं गावसुद्धा असतं.

भारतीयांसाठी १९०८ मध्ये ‘अखंड प्रवासा’चा नियम आला. मायदेशातून न थांबता थेट येणाऱ्यालाच प्रवेश, आणि भारतातून तसं जहाज नव्हतं. कोमागाता मारू २३ मे १९१४ रोजी ३७६ प्रवासी घेऊन व्हँकूव्हरला पोहोचलं, त्यातल्या बहुतेकांना उतरू न देता दोन महिन्यांनी परत पाठवलं, त्यामागे हाच नियम होता. संशोधकाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची एक बारीक गोष्ट आहे. राष्ट्रीय अभिलेखागारात १९१५ ते १९५१ दरम्यान नागरिकत्व घेतलेल्यांची मोठी सूची आहे. तिच्यात पंजाबी पूर्वज शोधू नयेत. १९४७ पर्यंत कॅनडाचं वेगळं नागरिकत्वच नव्हतं. ब्रिटिश भारतातून आलेला माणूस कागदोपत्री आधीच ब्रिटिश प्रजाजन, त्याला अर्ज करायचं कारण नव्हतं. मतदानाचा हक्क ब्रिटिश कोलंबियाने १९४७ पर्यंत नाकारला, ती गोष्ट निराळी. अशा पूर्वजासाठी जहाजाची यादी, निर्देशिका, लाकूड गिरण्यांच्या आसपासची जनगणनेची पानं आणि फ्रेझर व्हॅली विद्यापीठाचा दक्षिण आशियाई डिजिटल संग्रह उपयोगी पडतो. आडनावाच्या जागी सगळ्यांना ‘सिंग’ लिहिलेलं असतं, म्हणून वय आणि भारतातलं गाव जुळवूनच पुढे जावं.

फौज आणि जमीन

पहिल्या महायुद्धातल्या कॅनडाच्या सैनिकांच्या सहा लाखांहून अधिक फायली पूर्णपणे डिजिटल झाल्या आहेत आणि फुकट आहेत. घरातला कुणीही १८७० ते १९०० दरम्यान जन्मलेला पुरुष असेल तर ही फाईल आधी पाहावी. भरतीच्या अर्जावर जन्मतारीख, जन्मगाव, धंदा, धर्म आणि जवळच्या नातेवाइकाचं नाव-पत्ता असतो. तारखेवर विश्वास ठेवू नये, कोवळी पोरं वय वाढवून सांगत आणि प्रौढ कमी करून. पण पगारातला काही भाग घरी जायचा, त्याच्या कार्डावर पैसे घेणाऱ्या आईचा किंवा बायकोचा पत्ता असतो, आणि पत्ता बदलला की तोही नोंदलेला. ब्रिटनमधलं गाव कळायचा याहून सोपा मार्ग क्वचितच. दुसऱ्या महायुद्धातल्या फायलींपैकी सेवेत मृत्यू पावलेल्यांच्याच खुल्या आहेत. बाकीच्यांसाठी अर्ज करावा लागतो.

गवताळ प्रांतांत जमिनीची फाईल म्हणजे त्या घराचा सातबाराच. १८७२ च्या कायद्यानुसार १० डॉलर भरून १६० एकर मिळत. तीन वर्षं तिथे राहून, जमीन मोडून, घर बांधून दाखवलं की मालकी. शेवटच्या अर्जात दरवर्षी किती एकर नांगरले, जनावरं किती, घर केवढं, हे शपथेवर लिहिलेलं असतं. फाईल शोधायला जमिनीचा सरकारी पत्ता लागतो. सहा मैल लांब-रुंद टाउनशिपचे ३६ सेक्शन, प्रत्येक ६४० एकरांचा, त्याचे चार भाग. म्हणजे ‘ईशान्य चतुर्थांश, सेक्शन १२, टाउनशिप ३४, रेंज ५, तिसऱ्या मेरिडियनच्या पश्चिमेला’ असा तो पत्ता. यातला मेरिडियन, म्हणजे मोजणीची आधाररेषा, गाळला की माणूस शेकडो किलोमीटर दूर जाऊन पडतो. आणि केंद्राच्या जमीनदानाच्या सूचीत फक्त मालकी मिळालेले लोक आहेत. अर्ज करून दुष्काळाने किंवा थंडीने हरून निघून गेलेले तिथे नसतात, त्यांच्यासाठी सस्कॅचेवान आणि अल्बर्टाच्या स्वतंत्र होमस्टेड (अशा सरकारी जमिनींच्या) सूची पाहाव्यात.

डीएनए चाचणीबद्दल थोडंच. फ्रेंच कॅनेडियन घराण्यांत तेच थोडे पूर्वज पुन्हा पुन्हा येतात, त्यामुळे चाचणी ज्याला तिसरा चुलतभाऊ (खापरपणजोबा एकच असलेला) म्हणते तो प्रत्यक्षात बराच दूरचा असू शकतो. कागदाची जोड नसेल तर त्यावर वंशवेल बांधू नये.

१९३५ नंतर आलेल्यांच्या प्रवेशनोंदी अजूनही इमिग्रेशन खात्याकडेच आहेत. बहुतेक मराठी कुटुंबं १९६७ च्या गुणपद्धतीनंतर (शिक्षण, वय वगैरेंना गुण देऊन स्थलांतरित निवडण्याच्या पद्धतीनंतर) गेलेली, त्यामुळे ती याच गटात मोडतात. माहिती अधिकाराच्या कायद्याखाली ५ डॉलर शुल्क भरून अर्ज करता येतो, पण अर्जदार कॅनडाचा नागरिक, कायम रहिवासी किंवा त्या वेळी कॅनडात असलेला माणूस हवा. ज्याची नोंद हवी तो हयात असेल तर त्याची लेखी संमती, नसेल तर मृत्यू होऊन २० वर्षं झाल्याचा पुरावा लागतो. अर्जात पूर्ण नाव, त्याची सगळी स्पेलिंगं, जन्मतारीख आणि कॅनडात उतरल्याचं साल द्यावं. ‘देशपांडे’चं स्पेलिंग पासपोर्टवर एक आणि लँडिंगच्या कागदावर दुसरं असेल तर दोन्ही लिहावीत; एकच दिलं तर शोध त्या एकावरच होतो.